त्याने तिला मिठात घेतलं

प्रिय खिडकी,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. आपल्या मेट्रनबाईंना पोरींची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्या खाटेवरून ओळखायच्या. सतरा नंबरची खिडकी, सतरा नंबरचं दार. खिडकीला सांग नळ नीट बंद करत जा. दाराला सांग घरून फोन आलाय, पळ. बाकीच्या खोल्यांतल्या पोरी हसायच्या, पण आपल्याला ते आवडलं होतं, इतकं की परीक्षेचा फॉर्म सोडला तर आपण एकमेकींना दुसऱ्या कुठल्या नावाने बोलावलंच नाही. नंतर तुला अजून एक नाव पडलं. त्या नावाचंच हे पत्र आहे.

तुझा पत्ता मला कुठून मिळाला ते शेवटी सांगते, आधी सांगितलं तर बाकीचं लिहायचं राहून जाईल. माझ्या हातून तुझ्या बाबतीत दोन वाईट गोष्टी झाल्यात. पहिली कॉलेजात झाली, तुझ्यासमोर. दुसरी गेल्या वर्षभरात, तुझ्या माघारी. दोन्ही मी अजून तुझ्याजवळ कबूल केलेल्या नाहीत. चार वर्षांत चार वेळा तुला लिहायला घेतलं आणि दरवेळी 'तू कशी आहेस' याच्यापुढे पेन हललं नाही. तू कशी आहेस हे विचारायचा हक्क मला उरलाय का, इथेच गाडी अडायची. तर या वेळी ते विचारतच नाही. मी कशी आहे ते सांगते. कंटाळलीस तर पानं उलट, मी काही बघायला येणार नाही.

मी बोलक्या पुस्तकांच्या एका संस्थेत वाचक आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची, ती रेकॉर्ड होतात आणि घरोघरी जातात. आमची वाचायची खोली आपल्या सतरा नंबरच्या निम्मी असेल. चारी भिंतींना गाद्या ठोकल्यात, खऱ्या, झोपायच्या, एकीवर अजून कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग आहे. पंखा लावायचा नाही, त्याचा आवाज येतो. बांगड्या चालत नाहीत. खळ घातलेली ओढणी चालत नाही, ती कुरकुरते. सकाळी पोटभर खाऊन यायचं, कारण पोट वाजलं तर माइक तेही ऐकतो. काचेपलीकडे आमचे ध्वनिमुद्रक बसतात. त्यांना सगळे कात्री म्हणतात, अगदी तोंडावर, कारण रेकॉर्डिंग कापून साफ करायचं काम त्यांचं. पन्नाशीचे आहेत. दिवसाला दहा शब्द बोलत असतील तर त्यातले सात 'पुन्हा' असतात.

वाचताना चुकलं की आमच्याकडे टाळी वाजवायची असते. थांबायचं, एक टाळी द्यायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. टाळीचा आवाज कात्रींच्या पडद्यावर सुळक्यासारखा उंच दिसतो, त्यांना लांबूनच कळतं की इथे कापायचंय. रीत सोपी आहे, पण अंगात भिनते. मागच्या महिन्यात घरी दूध उतू गेलं तर मी गॅस बंद करायच्या आधी टाळी वाजवली. जिन्यात समोरच्या आजींना चुकून आजोबा म्हणाले, टाळी. त्या बिचाऱ्या दचकून कठड्याला टेकल्या. माझ्या खोलीत सामान कमी आहे, त्यामुळे टाळी चांगली घुमते. घुमली की मी क्षणभर थांबते, कुणीतरी 'पुन्हा' म्हणेल म्हणून. कुणी म्हणत नाही. मग मी दूध पुसते.

राहते तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक ओटा, दोन कप. दुसरा कप बाजारात जोडीनेच मिळतो म्हणून आलाय. संध्याकाळी सहानंतर जिन्यावर पावलं वाजायला लागतात. मी पहिल्या मजल्यापासून ऐकते. दुसरा मजला, वळण, तिसरा, आणि मग ती पुढे चौथ्यावर जातात. दिवसभर बोलूनबोलून घसा बसलेला असतो आणि तरी घरी आल्यावर वाटतं की आज कुणाशी बोललेच नाही. नीट पाहिलं तर खरंच बोललेली नसते. आयकर कायद्याची प्रस्तावना वाचलेली असते.

आता पुस्तकांबद्दल. कुठली ते तुला माहीत आहे. पंजाएवढी, पिवळ्या कागदाची, मुखपृष्ठावर वाऱ्याने केस उडणारी बाई आणि तिच्या मागे दाढीचे खुंट वाढलेला, रागावलेला पुरुष. आपल्याकडे त्यांना 'तसली पुस्तकं' म्हणायचे आणि लोकांना भलतंच वाटायचं. त्यात तसलं काही नसतं गं. शेवटून तिसऱ्या पानापर्यंत कुणी कुणाचा हातसुद्धा धरत नाही. माझी आत्या ती वाचायची. नर्स होती. ड्यूटीवरून आली की कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची आणि हातात पुस्तक. घरात पाहुणे असोत, वडील ओरडत असोत, तिचं पान उलटलं जायचं. मधेच घळाघळा रडायची, पदराने डोळे पुसायची आणि मला सांगायची, हा मेला परत आला बघ, मी म्हटलंच होतं मेलेला नाही. कुणी नावं ठेवली की म्हणायची, दिवसभर मी खरी माणसं खरी मरताना बघते, मला शिकवू नका. तिच्या मांडीला टेकून मी वाचायला शिकले. माझी पहिली जोडाक्षरं 'अश्रू' आणि 'विश्वासघात' ही आहेत.

कॉलेजात आले तेव्हा बॅगेच्या तळाला तिची सहा पुस्तकं होती, शिवून एक गठ्ठा केलेली. आणि पंधरा दिवसांत मी अभ्यासमंडळात गेले. तुलाही मीच ओढून नेलं. आठवतंय ना, कॉमन रूममध्ये रविवारी सकाळी, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती अठरा जण, आणि सर बोलता बोलता चष्मा काढून डोळे मिटायचे. तिथे सगळे मोठ्या पुस्तकांबद्दल बोलायचे आणि मला खरंच ते आवडायचं, ते काही ढोंग नव्हतं. पण त्या मोठ्या पुस्तकांत कुणीच कुणासाठी परत येत नाही. रविवारी दुपारी खोलीवर आलं की मला आत्याचा गठ्ठा काढावासा वाटायचा, एखाद्याला घट्ट बूट काढावेसे वाटतात तसा. तू भांडी घासायला गेलीस की मी वाचायचे, तुझी चप्पल वाजली की उशीखाली. वर्षभर एका खोलीत राहून मी हे तुझ्यापासूनही लपवलं. शेवटी गठ्ठ्याला खाकी कव्हर घातलं आणि वर माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'समीक्षा: टिपणं, भाग दोन'. भाग एक खराच होता, माझ्या वहीत, सरांच्या व्याख्यानांचा. भाग दोन नव्हताच.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त वेळा आठवलं असशील, पण मला ते लिहायचंय. त्या रविवारी टिपणं वाचून दाखवायची पाळी तुझी होती. उशीर झाला होता, माझ्या टेबलावरून तू वही घ्यायला गेलीस आणि तुला भाग एकच्या शेजारी भाग दोन दिसला. तू म्हणाली असशील, दाराने पुढचंही काढून ठेवलंय, शहाणी आहे. तू उभी राहिलीस. सरांनी डोळे मिटले. तू मधलंच पान उघडलंस आणि समोर जे आलं ते वाचायला लागलीस, कारण तू तशीच आहेस, समोर आलेलं वाक्य तू अर्ध्यात सोडत नाहीस. 'बाहेर वीज कडाडली. आता त्याला राहवेना. त्याने तिला मिठात घेतलं.' मिठीत म्हणायचं होतं बिचाऱ्यांना. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने वेलांटी खाल्ली होती आणि काना लावला होता. तू थांबलीस. मग एकदम सगळे हसले. सर डोळे उघडून म्हणाले, हे काय आहे, कुणाचं आहे. आणि तू माझ्याकडे पाहिलंस. कव्हराआड मी काय लपवलंय ते तुला कळलं होतं, मला ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं, निदान मी स्वतःला तसं सांगू शकले असते. मी गप्प राहिले नाही. मी म्हणाले, अगं, तू हे वाचतेस? आणि सगळ्यात आधी, सगळ्यात मोठ्याने, पुन्हा हसले. तू गठ्ठा मिटलास आणि म्हणालीस, हो, माझंच आहे.

त्यानंतर तू दीड वर्ष मिठातली होतीस. मेसच्या रांगेत, ग्रंथालयात, निरोप समारंभाच्या फिशपाँडमध्ये. मिठातली आली, मुरली का गं. पहिल्या आठवड्यात मी तुझ्या बाजूने बोलले, म्हणजे म्हणाले, जाऊ दे रे, ज्याची त्याची आवड. केवढं मोठं मन माझं. तू मंडळात यायची बंद झालीस. मला मंडळाच्या भित्तिपत्रकाची उपसंपादक केलं. आणि त्या रविवारी दुपारी मी खोलीवर आले तर गठ्ठा माझ्या उशीखाली होता. नेहमीच्या जागी, नेहमीसारखा आडवा. म्हणजे तुला ती जागा आधीपासून माहीत होती. तू खिडकीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होतीस आणि मला म्हणालीस, तुझा टॉवेल वाळलाय, काढून ठेवलाय. मी तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, थँक्यू. तुझ्या लग्नाला मी आले नाही आणि एक जाडजूड, दोन खंडांचं, गंभीर पुस्तक पाठवलं. काय माणूस आहे मी. तुझी अभिरुची सुधारावी म्हणून पाठवल्यासारखं ते दिसलं असणार, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत तसं दिसावं अशीही माझी थोडी इच्छा होती.

ही झाली पहिली गोष्ट. दुसरीला आमच्या ऑपरेटरबाईंपासून सुरुवात होते. त्या टेलिफोन खात्यात तीस वर्षं होत्या, मग दृष्टी गेली. दर मंगळवारी अकराला संस्थेत फोन करतात आणि मंगळवारी फोन मी उचलते. गेल्या वर्षी एकदा म्हणाल्या, बाई, तुमच्या यादीत सगळं ज्ञान आहे हो. मधुमेह झाला, संविधान झालं, थोर माणसं झाली. माझं भरलं. आता कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडेल असं काही द्या की. मी म्हटलं, निवड समिती उपयुक्त पुस्तकंच घेते. त्यावर त्या म्हणाल्या, आम्ही काय जन्मभर परीक्षेलाच बसलोय का? तुम्ही डोळसांनी असलं वाचलं तर उशीखाली घालता, कुणाला कळत नाही. आम्हाला ते मागावं लागतं, आणि तेही मोठ्याने, दुसऱ्या माणसाकडे. मी किती दिवसांनी धीर करून मागतेय तुम्हाला कल्पना आहे? मला कल्पना नव्हती. माइकसमोर बसून मी तीन वर्षं लोकांच्या कानात वाचत होते आणि त्यांना काय ऐकायचंय हे मला कधी सुचलंच नव्हतं.

आत्या त्याच्या आदल्या वर्षी गेली. घरच्यांनी तिची भांडी, साड्या, रेडिओ वाटून घेतला, पुस्तकं कुणालाच नको होती. मी रद्दीत देते म्हणून दोन पिशव्या भरून आणल्या आणि दिल्या नाहीत. त्यातलं एक मी ऑफिसात आमच्या संचालक मॅडमपुढे ठेवलं. मॅडमनी ते दोन बोटांनी उचललं, मागचं पुढचं पाहिलं आणि म्हणाल्या, प्रायोगिक तत्त्वावर एक करून बघा. मग पेन उघडून विचारलं, वाचक म्हणून नाव काय घालू? आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला तीन ओळी असतात. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, वाचन अमुक अमुक. नियमच आहे. त्या वेळी माझ्या दोन गोष्टी एका मासिकात छापून आल्या होत्या, एकीत तर एकही पूर्णविराम नव्हता, आणि बहुतेक एकही वाचक नव्हता. पण त्या मासिकातले लोक हे ऐकतील, मंडळातलं कुणीतरी ऐकेल, सर ऐकतील, असं मला वाटलं. आणि मॅडमना मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण. माहेरच्या आडनावासकट. मी विचार करून सांगितलं नाही, तेच तोंडात आलं. शरमेच्या कप्प्यावर तुझ्या नावाची चिठ्ठी मी कधीची चिकटवून ठेवली होती, नुसता हात गेला. मॅडमना वाटलं बाहेरून कुणी बाई येऊन वाचणार. कात्रींना माहीत होतं. त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि नाव टाइप केलं.

मग काय झालं माहीत आहे? तू प्रसिद्ध झालीस. पहिलं पुस्तक गेलं आणि फोन सुरू. एका निवृत्त हेडमास्तरांनी निरोप ठेवला, बाईंना म्हणावं खलनायकाच्या आवाजात अजून थोडी खरखर हवी. एका मुलीने कळवलं, तिने ते पुस्तक सलग तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदासुद्धा तो परत येईल की नाही याची तिला धाकधूक होती. ऑपरेटरबाई तर तुझ्या नावापुढे ताई लावायला लागल्या. मॅडमनी 'प्रायोगिक' शब्द गाळला. एकाची अकरा पुस्तकं झाली. आणि माझ्या स्वतःच्या नावावर किती बोलकी पुस्तकं असतील, चाळीस? त्यांच्यावर आजवर एक फोन आलाय. क्षतिपूर्ती हा शब्द मी चुकीचा म्हणते म्हणून. मी फोनवर लोकांचं तुझ्याबद्दलचं कौतुक लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, कळवते हां त्यांना. खिडके, मला तुझा हेवा वाटायला लागला. तू न वाचलेल्या पुस्तकांच्या शिव्या तू कॉलेजात खाल्ल्यास आणि आता तू न वाचलेल्या पुस्तकांचं कौतुक तुला मिळत होतं, आणि दोन्हींच्या मधे मी उभी, माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं.

सहावं पुस्तक तेच निघालं. मला माहीत होतं ते येणार, मी ते मागे मागे ढकलत होते. सकाळची वेळ, पोट भरलेलं, पाणी शेजारी. बाहेर वीज कडाडली. आता त्याला राहवेना. छापील चूक दिसली तर ती सुधारून वाचायची असा आमच्याकडे नियम आहे. मी वाचलं, त्याने तिला मिठात घेतलं. आणि मला हसू फुटलं. कॉलेजातलं ते हसू नव्हे, खोटं. पोटातून आलेलं, कारण ते खरंच केवढं विनोदी आहे, विचार कर, वीज कडाडतेय आणि हा शांतपणे बरणी उघडतोय. आपण दोघींनी ते मिळून कधी हसून घेतलंच नाही. हे डोक्यात आलं आणि हसता हसता माझा आवाज गेला. किती वेळ गेला कळलं नाही. मग घसा खाकरून पुढचं वाचायला लागले आणि टाळी वाजवायची राहूनच गेली. आठवड्याने मी ऐकलं तर ते सगळं तसंच आत. मिठात, हसू, ती मोठी शांतता, खाकरणं. मी कात्रींकडे गेले. ते डबा खात होते, हेडफोन गळ्यात. म्हणाले, टाळी नव्हती. टाळी नसली तर मी कापत नाही.

त्या दिवशी मी बसने येताना पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि कव्हर न घालता वाचायला बसले. मुखपृष्ठ बाहेर, केस उडणारी बाई सगळ्यांना दिसेल असं. सांगते काय, अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं. दोन स्टॉप मला एक ओळ कळली नाही. सगळी बस आपल्याकडे बघतेय अशी माझी खात्री होती. खरं तर कुणीच बघत नव्हतं, लोकांना त्यांचीत्यांची कामं असतात. फक्त शेजारच्या एक बाई, मांडीवर भाजीची पिशवी, तिरक्या मानेने वाचत होत्या. मी एका पानावर जास्त रेंगाळले तर म्हणाल्या, अहो, उलटा की पान, माझं झालं. मी उलटलं. त्यांचा स्टॉप आला तेव्हा नायिका कड्याच्या टोकावर होती. त्या उठल्या, पिशवी सावरली आणि म्हणाल्या, मरत नाही ना ती? मी म्हटलं, नाही हो, मरू देत नाहीत. बरं, म्हणाल्या, आणि उतरल्या. गेल्या कित्येक महिन्यांत पुस्तकाबद्दल माझं कुणाशी झालेलं हे सगळ्यात चांगलं बोलणं. मंडळात अडीच वर्षं काढून मला कुणी इतका महत्त्वाचा प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून मी कुठेही वाचते. दवाखान्याच्या रांगेत, ऑफिसच्या पायरीवर. आवडतं म्हणून वाचते. का आवडतं याची कारणं काढायचं सोडून दिलंय, पूर्वी माझ्याकडे चांगली चार-पाच होती, समाजशास्त्रीय वगैरे. एकच खरं आहे आणि ते जरा केविलवाणं आहे. त्या पुस्तकांत जिन्यावर पावलं वाजली की ती याच दाराशी थांबतात. तरी तुझं नाव काढून माझं घालायचं धाडस मला बस आणि पायरी एवढ्याने आलं नाही. बसमध्ये कुणी ओळखीचं नसतं. सुरुवातीच्या त्या तीन ओळींत मी सहाव्यानंतरही पाच वेळा तुझंच नाव घेतलं, डोळे उघडे ठेवून, कात्रींच्या देखत. ते प्रत्येक वेळी टाळीची वाट पाहिल्यासारखे थांबायचे.

आता पत्ता कुठून मिळाला ते. गेल्या मंगळवारी चहाच्या वेळी कात्रींनी माझ्यापुढे एक पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाले, हे तुमचं का त्यांचं, बघा. तुझं अक्षर मी वाचायच्या आधी ओळखलं. 'महोदय, माझ्या सासूबाईंना आपली बोलकी पुस्तकं येतात. त्यातल्या अकरा पुस्तकांवर वाचक म्हणून माझं नाव आहे. ती पुस्तकं मी वाचलेली नाहीत, आवाजही माझा नाही, कुणाचा आहे ते मला माहीत आहे. तक्रार नाही. सासूबाई दोन गोष्टी विचारतात. पुढचं पुस्तक कधी येणार? आणि या बाई एकट्या राहतात का? कारण प्रकरण संपलं की त्या उठून जात नाहीत, बराच वेळ तशाच बसून राहतात, असं त्यांना ऐकू येतं.' खाली सही, नवीन आडनाव आणि पत्ता. मी ते कार्ड घेऊन सरळ मॅडमकडे गेले. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, लेखी द्या. दिलं. विषय: वाचकाच्या नावात दुरुस्ती. काल दिवसभर बसून अकरा पुस्तकांच्या सुरुवातीच्या ओळी मी पुन्हा वाचल्या, माझ्या नावाने, आणि माझं स्वतःचं नाव घेताना दोनदा चुकले. खिडके, तो गठ्ठा माझा होता. आवाजही माझा आहे. माफ कर असं लिहिणार होते, पण ते तुझ्यावर सोपवते, घाई नाही, वर्षंही लागू देत. सासूबाईंना मात्र थांबवू नकोस, त्यांना आजच सांग. बारावं पुस्तक सोमवारी सुरू करतेय. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो.

तुझीच,
दार